विश्रामबाग वाडा: पेशव्यांच्या निवासस्थानापासून नगरपालिकेच्या कचेरीपर्यंत

पुण्यात सदाशिव पेठेच्या हद्दीत, थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबाग वाडा उभा आहे. पेशव्यांनी पुण्यात स्वतःच्या राहण्यासाठी जे मोठे वाडे बांधले, त्यांपैकी खांब, तुळया, सज्जे आणि दिवाणखाना यांसह आज पाहता येतो तो हा एकच. शनिवारवाड्याचा कोट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा शाबूत आहेत, पण आतल्या महालांची केवळ जोती उरली आहेत. शुक्रवारवाडा आणि बुधवारवाडा तर केवळ इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. हे सारे वाडे एकाच शहरात, जवळपास एकाच प्रकारच्या सामग्रीने आणि एकाच परंपरेतल्या कारागिरांनी बांधले होते; मग हाच का टिकला, हा प्रश्न या वास्तूच्या इतिहासाकडे पाहताना वारंवार समोर येतो. त्याचे उत्तर केवळ बांधणीच्या मजबुतीत सापडत नाही. पेशवाई संपल्यानंतर या वाड्याचा जो उपयोग होत राहिला, त्यात ते अधिक सापडते, आणि म्हणूनच वाड्याच्या पहिल्या दहा वर्षांइतकीच पुढची दीडशे वर्षेही लक्षपूर्वक पाहावी लागतात.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. सुरुवातीचा खर्च १६,११० रुपये झाल्याचा आकडा नेहमी दिला जातो. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घालत त्याचे राजवाड्यात रूपांतर केले. मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाड्याशी दुःखद घटनांची साखळीच जोडली गेली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून याच वाड्यात झाला, आणि त्या कटात नाव आलेले रघुनाथराव हे दुसऱ्या बाजीरावाचे वडील. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव याच वाड्यात उंचावरून पडून जबर जखमी झाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर वारसाचा घोळ आणि कारस्थानांचे एक वर्ष उलटून १७९६ मध्ये बाजीराव गादीवर आला. अशा वास्तूत राहण्याचा त्याला तिटकारा होता, म्हणून त्याने दुसरे वाडे बांधले, असे स्पष्टीकरण पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. ते अशक्य नाही. पण बाजीरावाने शुक्रवार, बुधवार आणि सदाशिव अशा वेगवेगळ्या पेठांत वाडे उभारले, शिवाय पुण्याबाहेर फुलगावसारख्या ठिकाणीही बांधकाम केले, हे ध्यानात घेतले तर एका वास्तूविषयीच्या भीतीपेक्षा बांधकामाची आणि स्थलांतराची हौस हे कारण अधिक पटते.

या हौसेला ज्या काळात मोकळे रान मिळाले, तो काळ मात्र पुण्याच्या दृष्टीने अत्यंत वाईट होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. कंपनीची तैनाती फौज कायमची ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, हे त्या तहातले मुख्य कलम. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या आधाराने बाजीराव पुण्यात परतला, तेव्हा आजूबाजूचा प्रदेश लुटीने उजाड झालेला होता, पाऊस दगा देत होता, आणि १८०३-०४ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरत होती. त्यानंतरच्या वर्षांत महालांची, म्हणजे मुलुखाच्या महसुली विभागांची, वसुली जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने देण्याची पद्धत बाजीरावाने सर्रास चालवली. मक्तेदाराने रयतेकडून किती उकळले याची विचारपूस करण्याची गरज दरबाराला वाटत नव्हती. विश्रामबाग वाड्यावर झालेला सुमारे दोन लाख रुपयांचा खर्च याच व्यवस्थेतून उभा राहिलेल्या खजिन्यातला होता. वाड्यातले कोरीव काम पाहताना मन प्रसन्न होते, यात शंका नाही. पण तो पैसा कुणाच्या घामाचा होता, याचा विसर पडू देणे मला तरी योग्य वाटत नाही.

वाडा ज्या जागेवर बांधला गेला, ती पूर्वी पेशव्यांचे सेनानी हरिपंत फडके यांची बाग होती, असे जुन्या वर्णनांत येते. सदाशिवरावभाऊंच्या नावे वसवलेली ही पेठ कसब्यापासून आणि शनिवारवाड्यापासून दक्षिणेला, पर्वतीच्या वाटेवर होती. शहराच्या या अंगाला त्या काळी बागांची आणि मोकळ्या जागांची कमतरता नव्हती, त्यामुळे गर्दीपासून जरा दूर राहायला ही जागा सोयीची होती. वाडा बांधल्याचे साल म्हणून १८०७ सामान्यतः दिले जाते. सारे काम पुरे व्हायला सहा वर्षे लागली. ते पाहणाऱ्यांमध्ये मनसाराम लक्ष्मण आणि दाजी सुतार अशी नावे सांगितली जातात. मराठी वास्तूंच्या बाबतीत बांधवून घेणाऱ्याचे नाव राहते आणि बांधणाऱ्याचे पुसले जाते, असाच सर्वसाधारण अनुभव असल्यामुळे या दोन नावांचे मोल मोठे आहे. त्यातही एक नाव सुतारकाम करणाऱ्याचे असावे, हे या इमारतीच्या स्वभावाला धरूनच आहे, कारण हा वाडा आधी लाकडात कल्पिलेला आहे आणि मग दगड-विटांनी बंदिस्त केलेला आहे.

पेशवेकालीन वाड्याची रचना समजून घेतल्याशिवाय हे विधान नीट उलगडत नाही. वाड्याचे मोजमाप ‘खण’ या एककात चालते. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचे, यावर त्याचा विस्तार ठरतो. काळ्या दगडाचे घडीव जोते, त्यावर दगडी उथळी म्हणजे खांबांच्या बैठका, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे कड्या आणि फळ्यांचे छत, असा हा सांगाडा उभा राहतो. भिंती पातळ पेशवाई विटांच्या आणि चुन्याच्या असतात. बाहेरच्या भिंती जाड आणि भारदस्त दिसल्या तरी आतल्या मजल्यांचा आणि छपराचा बराच भार लाकडी सांगाडाच पेलतो. लाकडांचे सांधे खाचेत टोक बसवून केलेले असतात. सांगाडा थोडाफार हलला, लाकूड हवेप्रमाणे फुगले वा आकसले, तरी सांधे ते सामावून घेतात. खराब झालेला एखादा खांब धिरे देऊन काढता येतो आणि त्या जागी नवा बसवता येतो. मात्र याच बांधणीला दोन शत्रू जन्मजात असतात: आग आणि पाणी. आग एकदा लागली की एका खणातून दुसऱ्या खणात पसरायला वेळ लागत नाही. छपरातून झिरपणारे पाणी दिसेपर्यंत तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजलेले असते.

विश्रामबाग वाडा दुमजली असून त्यात तीन चौक आहेत. चौकांभोवती ओसऱ्या आणि त्यांच्या मागे खोल्या, हा क्रम सर्व वाड्यांत सारखाच असला तरी कोणत्या चौकात कोणी यावे याचे संकेत ठरलेले असत. दरवाजाजवळच्या चौकात पहारेकरी, कारकून आणि भेटीला आलेली मंडळी. त्यापुढे मालकाचा वावर. आणि सर्वांत आत कुटुंबाचे व्यवहार. मोठ्या वाड्यात बाहेरून आत जाताना एकेक चौक ओलांडत माणूस अधिकाधिक खाजगी भागात शिरत असे. चौकामुळे प्रत्येक खोलीला आतूनच उजेड आणि वारा मिळे, त्यामुळे बाहेरच्या बाजूला मोठ्या खिडक्या ठेवण्याची निकड नसे. नेमक्या याच बाबतीत विश्रामबाग वाडा जुन्या वाड्यांहून वेगळा पडतो. त्याची दर्शनी बाजू रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेली नाही. वरच्या मजल्यावर लाकडी खांबांची आणि महिरपींची रांग रस्त्याच्या दिशेने मांडलेली आहे, आणि मुख्य दरवाजाच्या वर मेघडंबरी, म्हणजे छपराचा लाकडी सज्जा, पुढे आलेली आहे.

या फरकाचा अर्थ मला राजकीय वाटतो. शनिवारवाड्याला उंच तटबंदी, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे होते. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक थोपवण्यासाठी अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. ती वास्तू बांधणाऱ्याला शत्रू दारापर्यंत येऊ शकतो हे ठाऊक होते आणि त्याच्याशी आपल्यालाच लढायचे आहे याचीही जाणीव होती. विश्रामबाग वाड्याला असा कोट नाही. वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या जिवाचे आणि गादीचे रक्षण कंपनीच्या पलटणींकडे गेले, आणि राज्यकर्त्याच्या घराला बुरुजांची गरज उरली नाही. तटबंदीवर जो पैसा आणि दगड खर्ची पडला असता, तो इथे नक्षीकामावर आणि सज्जांवर खर्ची पडला. सज्जात बसून रस्त्यावरची मिरवणूक पाहणारा पेशवा आणि तटाआडून फौजेची पाहणी करणारा पेशवा यांच्यातले पाऊणशे वर्षांचे अंतर या दोन दर्शनी भिंतींवर स्पष्ट वाचता येते.

मेघडंबरी हा या वाड्याचा सर्वांत परिचित भाग आहे. दरवाजाच्या माथ्यावरून पुढे काढलेला, स्वतंत्र छप्पर असलेला हा लाकडी सज्जा खालून पाहिला तर त्याचे वजन भिंतीबाहेर कसे तोलले आहे ते कळते. भिंतीतून बाहेर काढलेली लाकडे पुढचा भार घेतात, आणि भार घेणाऱ्या प्रत्येक लाकडाचे दिसणारे अंग कोरलेले आहे. म्हणजे शोभेसाठी वेगळे लाकूड चिकटवलेले नाही. जे लाकूड काम करते तेच सजवलेले आहे. पेशवेकाळातले चांगले सुतारकाम ओळखण्याची ही एक खूण आहे.

वरच्या मजल्यावरचे खांब थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. त्यांना सुरूचे खांब म्हणतात, कारण सुरूच्या झाडाप्रमाणे ते खाली भरदार असून वर निमुळते होत जातात. खांबाच्या तळाशी चौरस बैठक असते. तिच्यावर पाकळ्यांनी वेढलेला फुगीर भाग, त्यातून वर निघालेला पैलूदार दंड, दंडाच्या डोक्यावर पुन्हा पानांचा वेढा, आणि त्यावर चौकोनी ठोकळा. या ठोकळ्यातून दोन्ही बाजूंना हस्त, म्हणजे आधाराची आडवी लाकडे, निघतात आणि वरच्या तुळईला आधार देतात. दोन खांबांमधली कमानदार महिरप पाहताना ती भार पेलते आहे असा भास होतो, परंतु ती फळ्या कापून तयार केलेली असते आणि वजन तिच्या वरून जाणारी सरळ तुळई घेत असते. मोगल आणि राजस्थानी इमारतींत दगडात घडवलेली ही कमान दख्खनच्या सुताराने लाकडात आणली, पण तिच्यावर भार टाकण्याची चूक केली नाही. महिरपींच्या जोडावर लोंबणारी केळफुले, दरवाजावरची गणेशपट्टी, छताची तक्तपोशी म्हणजे फळ्यांचे अस्तर, या सगळ्यांत उत्तरेकडून आलेला डौल आणि घरची सवय यांचे मिश्रण दिसते. खांबांचा घाट मोगली असला तरी कोरलेले केळफूल या मातीतले आहे.

पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना हा वाड्यातला सर्वांत मोठा बंदिस्त भाग आहे. लांबीच्या दिशेने खांबांच्या रांगा असल्यामुळे मधला रुंद भाग आणि बाजूच्या अरुंद पडव्या अशी त्याची विभागणी होते. दरबार, मेजवान्या, गाणे-बजावणे यासाठी मधली जागा मोकळी राहत असे आणि सेवकांची ये-जा बाजूने होत असे. एवढा मोठा, खांबांनी आखलेला आणि दोन्ही अंगांनी उजेड घेणारा दालनप्रकार पुढे वर्ग भरवायला, सभा घ्यायला आणि कचेरी मांडायलाही तितकाच सोयीचा ठरला. वास्तूच्या पुढच्या नशिबाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

बाजीरावाचा या वाड्यातला वास दहा-एक वर्षांचा. १८११ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून होता आणि संगमावरच्या बंगल्यातून त्याची दरबारावर नजर असे. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, त्यात पेशव्यांचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आरोप ठेवण्यात आला आणि संबंध बिघडत गेले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, ती बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली. त्यानंतर त्याने पुणे सोडले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मे १८१८ मध्ये रायगड पडला तेव्हा त्याची पत्नी वाराणसीबाई किल्ल्यावर होत्या. ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन तो कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, गेला. तिथेच १८५१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. विश्रामबाग वाड्यात तो पुन्हा कधी आला नाही.

पेशवाई बुडाल्यानंतर पुण्यातल्या सरकारी वाड्यांचे काय करायचे, हा नव्या राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न होता. शुक्रवारवाडा इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या वर्षांतच आगीत गेला. शनिवारवाड्याला फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीने आतले सारे महाल भस्म केले. विश्रामबाग वाड्याच्या वाट्याला मात्र ऑक्टोबर १८२१ मध्ये एक वेगळीच भूमिका आली. दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन याने तिथे संस्कृत पाठशाळा सुरू केली, जिला इंग्रजी कागदपत्रांत हिंदू कॉलेज म्हटले गेले. तिचा खर्च दक्षिणा निधीतून होता. विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा खंडेराव दाभाडे यांच्यापासून चालत आलेली होती आणि पेशव्यांनी ती पुण्यात मोठ्या प्रमाणावर चालवली; श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात हजारो ब्राह्मण तिच्यासाठी जमत. ही प्रथा एकदम बंद करणे एल्फिन्स्टनला धोक्याचे वाटले. तिचा काही भाग कायम ठेवून, उरलेल्यातून विद्येला मदत करायची आणि त्याच वेळी शास्त्री-पंडितांचा रोष टाळायचा, असे त्याचे धोरण होते. पाठशाळेत न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय शिकवले जात.

म्हणजे पेशव्याच्या चैनीसाठी बांधलेल्या दालनांत, पेशव्यांनीच चालवलेल्या दानाच्या पैशावर, पेशवाई बुडवणाऱ्या सरकारने शास्त्रांचे अध्यापन सुरू केले. या व्यवस्थेत नव्या राज्याचा मुत्सद्दीपणा होता, तसा एक अनपेक्षित फायदाही होता: वाडा वापरात राहिला. रोज उघडला-झाडला जाणारा, गळतीची तक्रार करणारी माणसे ज्यात बसतात, असा वाडा सहसा कोसळत नाही.

पाठशाळेचे स्वरूप हळूहळू बदलले. १८३७ पासून मेजर थॉमस कँडी यांच्याकडे तिची देखरेख आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता आणि मराठी लेखनात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत मोरशास्त्री साठ्यांच्या हाताखाली शिकले. पुढे इंग्रजी शिकून, भाषांतरे, व्याकरण आणि निबंध यांनी त्यांनी आधुनिक मराठी गद्याला आकार दिला. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा आणि संस्कृत पाठशाळा एकत्र करून पूना कॉलेज अस्तित्वात आले.

याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी झालेला समारंभ मला या वास्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंच्या साथीने १८४८ पासून मुलींसाठी आणि नंतर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. त्यासाठी दोघांना घर सोडावे लागले होते आणि रस्त्यात अपमान सोसावे लागले होते. या कामाबद्दल सरकारतर्फे विश्रामबाग वाड्यात कँडींच्या हस्ते शालजोडी देऊन जोतीरावांचा जाहीर सन्मान करण्यात आला. तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. पेशवाईत ज्या वाड्याच्या आतल्या चौकापर्यंत माळी समाजातल्या तरुणाला मानाने पोहोचता आले नसते, आणि ज्या इमारतीत तीस वर्षे प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांनी शास्त्रे घोकली, तिथे शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना शिकवणाऱ्या माणसाला महावस्त्र मिळाले. वाडा बांधून तेव्हा अर्धशतकही पूर्ण झाले नव्हते. विश्रामबाग वाड्याची माहिती सांगताना बाजीरावाच्या ऐषआरामावर पाने भरतात आणि हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो. हे प्रमाण उलटे व्हायला हवे.

पूना कॉलेजला पुढे स्वतंत्र इमारत मिळाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीचा आधार घेऊन येरवड्याकडे, नदीपलीकडे, दगडी इमारत उभारली गेली; १८६४ मध्ये तिचा पाया घातला गेला, १८६८ मध्ये वर्ग तिकडे हलले आणि संस्था डेक्कन कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. आज भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांसाठी ख्यातनाम असलेली ही संस्था आपला आरंभ १८२१ च्या पाठशाळेपासूनच मोजते. कॉलेज गेले तरी वाडा रिकामा पडला नाही. सरकारी हायस्कूलचे वर्ग तिथे भरत राहिले.

मे १८७९ मध्ये मात्र वाड्यावर मोठे संकट आले. एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग वाडा या दोन्ही ठिकाणी आगी लागल्या. बुधवारवाड्यात सरकारी कचेऱ्या होत्या. तो पूर्णपणे जळून गेला. विश्रामबाग वाड्याचा पूर्वेकडचा भाग नष्ट झाला, उरलेला वाचला. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड तेव्हा ऐन भरात होते, त्यामुळे सरकारचा आणि इंग्रजी वर्तमानपत्रांचा संशय ताबडतोब त्यांच्याकडे आणि एकूण पुणेकर सुशिक्षितांकडे वळला, आणि शहरातले वातावरण काही आठवडे विलक्षण तणावाचे राहिले. चौकशीअंती निघाले ते वेगळेच. सरकारी पुस्तक भांडारातल्या एका नोकराने हिशेबातली अफरातफर झाकण्यासाठी हे कृत्य केल्याचे सिद्ध झाले आणि त्याला शिक्षा झाली.

आगीनंतर जळालेला भाग लोकांच्या वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभारण्यात आला. या घटनेचे दोन परिणाम नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला असा की आज दिसणारा सारा वाडा १८०७ चा नाही. त्यातला एक मोठा भाग पाऊणशे वर्षांनंतरच्या कारागिरांच्या हातचा आहे, आणि जुन्याशी तो इतका मिळून येतो, याचे कारण लाकडी बांधकामाची परंपरा पुण्यात त्या वेळीही जिवंत होती. दुसरा परिणाम असा की शनिवारवाडा जळाला तेव्हा तो पुन्हा बांधण्यासाठी कोणी पुढे आले नव्हते, पण विश्रामबाग वाड्यासाठी लोकांनी पैसे दिले. १८२८ आणि १८७९ या दोन सालांमध्ये पुण्यात सार्वजनिक जीवन उभे राहिले होते. १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती, नगरपालिका होती, वर्तमानपत्रे होती. शिवाय वाड्यात शिकून गेलेल्यांची एक पिढी गावात कर्ती झालेली होती, आणि तिच्या दृष्टीने ही इमारत पदच्युत पेशव्याची राहिली नसून आपल्या शाळेची होती.

विसाव्या शतकात मालकीच बदलली. १९३० मध्ये पुणे नगरपालिकेने हा वाडा एक लाख रुपयांना सरकारकडून विकत घेतला आणि आपली कचेरी तिथे आणली. १५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका स्थापन झाली तेव्हाही कारभार इथूनच चालत होता. शिवाजीनगरला नवी इमारत झाल्यावर, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस, कचेऱ्या तिकडे गेल्या. या काळात वाड्याचे हाल झाले नाहीत असे नाही. कचेरीसाठी आडभिंती घातल्या गेल्या, खणांचे पार्टिशन झाले, विजेच्या तारा आणि फायली यांनी कोरीव खांब झाकले गेले. परंतु छप्पर दुरुस्त होत राहिले. त्याच दशकांत पुण्यातले शेकडो खाजगी वाडे वाटण्या, नाममात्र भाडी आणि मालक-भाडेकरूंचे वाद यांत अडकून दुरुस्तीवाचून खचत गेले आणि शेवटी त्यांच्या जागी इमारती आल्या.

जतनाचे पद्धतशीर काम गेल्या काही दशकांत सुरू झाले. अशा कामातली अडचण बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. जुन्या दुरुस्त्यांमध्ये वापरलेले सिमेंट काढून पुन्हा चुना वापरावा लागतो, कारण सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही आणि ती ओल लगतच्या लाकडाकडे वळते. तुळईचे कुजलेले टोक तेवढेच कापून तिथे नवे सागवान सांधायचे, की अख्खी तुळई बदलायची, याचा निर्णय प्रत्येक ठिकाणी लाकूड टोचून, ठोकून पाहून घ्यावा लागतो. मेघडंबरी आणि दर्शनी सज्जा यांचे काम आणखी नाजूक आहे, कारण ऊन, पाऊस आणि बाजीराव रस्त्यावरच्या वाहतुकीचा धूर तिन्ही त्यांच्यावर थेट येतात. कोरीव भागावर साचलेली काजळी काढताना नक्षीची धार जाऊ नये, यासाठी हाताने आणि सावकाश काम करणारा कारागीर लागतो. तसा कारागीर तयार व्हायला वर्षे लागतात. सर्वांत कमी दराच्या निविदेने तो मिळत नाही.

वाड्याचा काही भाग प्रदर्शनांसाठी आणि पुण्याच्या इतिहासाची माहिती मांडण्यासाठी वापरला गेला आहे. तळमजल्यावर टपाल कचेरीसारखी रोजच्या उपयोगाची कामेही चालत आली आहेत. संपूर्ण वास्तू रिकामी करून केवळ पाहण्यापुरती ठेवावी, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. त्यामागची कळकळ मी समजू शकतो, आणि दिवाणखाना व मेघडंबरी यांच्याबाबत तो योग्यही आहे. तिथे माणसांची आणि सामानाची दाटी होता कामा नये. परंतु तळमजल्यावरच्या आणि मागच्या चौकांतल्या खोल्यांना कुलपे घालण्याने त्यांचे रक्षण होणार नाही. तिथे वाचनालय, अभिलेखांचा कक्ष किंवा सुतारकाम शिकवणारा वर्ग चालवणे अधिक हिताचे आहे. विजेची जोडणी आणि अग्निशमनाची सोय मात्र त्याआधी चोख झाली पाहिजे, कारण पेशव्यांनी या शहरात स्वतःसाठी बांधलेले बाकीचे मोठे वाडे आगीनेच नेले आहेत.